देवाच्या डोक्यावरचं लॉन

हे कोणाला खरं वाटणार नाही, आणि वाटू नये अशीच माझी इच्छा आहे. खरं वाटलं की माणसं जांभया द्यायला लागतात. पण आमच्या पेडण्यात, ऐन चवथीच्या दुपारी, खतखत्याच्या भाजीचा वास अजून ओटीवर रेंगाळत असताना, आमच्या घरात गवतावरून असं भांडण पेटलं की गणपतीवरची माटोळी हलली. वारा नव्हता. जनेलं बंद होती. तरी हलली.

सुटली मात्र नाही, कारण ती मी बांधली होती. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीला कवंडळं, घागऱ्या, सुपारीचे घोस, तोरिंगणं, रानात मिळेल ते सगळं दरवर्षी मीच बांधतो, कुमयाच्या सालीच्या दोराने. आणि माझी गाठ सबंध पेडणे महालात दुसरा कोणी मारत नाही. शापोऱ्याच्या नदीत मगरीने उजव्या हाताचा अंगठा नेला तेव्हापासून मी डाव्या हाताने उलटी गाठ मारतो. ती सुटत नाही, कापावी लागते. घरातले म्हणतात, अंगठा मगरीने नाही, खोबरं किसायच्या आडाळीने नेला. म्हणोत बापडे. मगरीला विचारायला कोण गेलं होतं?

तर दुपार. जेवणं झाली होती. दत्तप्रसाद, माझा थोरला पुतण्या, कदेलीवर, म्हणजे खुर्चीत, पाय पसरून पानाला चुना लावत होता. धाकटा संदीप आरतीला वाजवायचा घुमट मांडीवर घेऊन त्याचं कातडं चाचपत होता. त्यांची आई, माझी मालती वहिनी, उंबऱ्यापाशी टेकली होती. थोरली सून हर्षा नेवऱ्यांचं ताट झाकत होती. मी माटोळीखाली, माझ्या जागेवर. आणि मागच्या भाटातून, विहिरीमागच्या बागायतीतून, संदीपची लेक गौरवी आत आली. पाय चिखलाने घोट्यापर्यंत माखलेले. धुतले नाहीत. चवथीच्या दिवशी, देवासमोर, सारवल्यासारख्या स्वच्छ लादीवर ती चिखलाचे पाय उमटवत आली, आणि म्हणाली,

"माझं गवत कोणी उपटलं?"

आवाज चढला नव्हता. राग आला की ही पोर कॉलेजचं मराठी बोलते. एरवी आमच्यासारखीच बोलते. तेव्हा मी समजलो.

आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाचं पहिलं उत्तर दुसरा प्रश्न असतं. दत्तप्रसादने विचारलं, "कुठलं गवत?"

झालं. हा एक प्रश्न त्याने विचारला नसता तर कदाचित चहा होऊन सगळे आडवे झाले असते.

कुठलं गवत ते सगळ्यांना ठाऊक होतं. बारावीनंतर गौरवीने नर्सिंगला जावं असं घर म्हणत होतं, आणि ती जाऊन बसली बागायतीच्या कॉलेजात. रोपवाटिका, कलमं, बागांची आखणी इथपर्यंत ठीक होतं. पण दुसऱ्या वर्षाला तिने विषय घेतला हिरवळीचा. क्रिकेटचं मैदान, गोल्फचं मैदान, हॉटेलांची लॉनं. गवत कसं लावायचं, किती उंचीवर कापायचं, खाली रेती किती, खडी किती, पावसाचं पाणी कुठून काढायचं. दत्तप्रसाद पणजीच्या कचेरीत सांगत असे की आमची पुतणी गवत कापायचं शिकते, आणि कचेरी हसत असे. मोरजीच्या किनाऱ्याकडे हॉटेलं हिरवळीसाठी माणसं बाहेरून आणतात, हे तो सांगत नसे.

मालती वहिनीला तर हा विषय झोंबलाच होता. ती बाई लग्न होऊन आली त्या पावसापासून कंबर वाकवून भातातली हरळी उपटत आली. हरळी म्हणजेच दूर्वा. शेतात असली की शत्रू, देवाच्या डोक्यावर असली की पुण्य. "आमी जल्मभर काढला आनी ह्यां लावतला," एवढंच ती म्हणाली होती आणि नातीशी महिनाभर धड बोलली नव्हती. पण मी तुम्हाला तिच्या मनातलं सांगतो. कसं कळलं ते विचारू नका, मी मनात शिरतो. एका संध्याकाळी कोणी नाही असं बघून वहिनी त्या तुकड्यावर चपला काढून उभी राहिली होती. ज्याला तिने आयुष्यभर मुळापासून ओढलं, ते तिच्या भेगाळलेल्या टाचांखाली कापसासारखं दबलं. ती बराच वेळ हलली नाही. मग चपला हातात घेऊन घरात आली आणि त्या रात्री नातीला तव्यावरचे दोन पोळे जास्त वाढले.

तो तुकडा म्हणजे पोरीचं प्रात्यक्षिक. प्रत्येकाने घरी एक लॉन वाढवायचं, परीक्षक येऊन बघणार. बाकीच्या पोरांनी नर्सरीतल्या गवताच्या चटया आणून अंथरल्या. हिला ते पटलं नाही. चोपड्याला नदीच्या बांधावर तिला एक दूर्वा दिसली होती, बारीक पानाची, खाऱ्या पाण्यातही हिरवी राहणारी. तिची पेरं आणून तिने भाटात ओळीने लावली, रोज गुडघ्यावर बसून कातरली. नंतर त्या बांधावर चिरे आणि माती पडली, भिंत उभी राहिली. ती दूर्वा आता जगात एकाच जागी होती, आमच्या विहिरीमागे. चवथीनंतर पंधरवड्याने परीक्षक यायचे होते. ती पास झाली तर मैदान सांभाळायचं काम तिची वाट बघत होतं. नाही तर वर्ष गेलं, आणि भाटही गेलं. कारण त्या भाटावर दत्तप्रसादची नजर होती. त्याच्या ओळखीचा एक माणूस तिथे सुट्टीची घरं बांधायला टपला होता, आणि 'पोरीचं ते गवताचं एकदा संपू दे' असं म्हणून तो थांबला होता.

म्हणून दत्तप्रसादने "कुठलं गवत?" विचारलं तेव्हा संदीपने घुमट खाली ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "खयचा गवत ता तुका कळता."

"मी सकाळपासून या कदेलीवरून हललेलो नाही."

"तू हलनस नाय. तू हालवतस."

आता संदीपच्या पोटात काय होतं ते ऐका. पोरीने हा विषय घेतला तेव्हा सर्वांत मोठ्याने ओरडला होता तो हाच. पण त्याच्या पोटात गवत नव्हतंच, त्याच्या पोटात ट्रक होता. डिचोलीच्या खाणी जोरात होत्या तेव्हा दत्तप्रसादने त्याला शेत सोडायला लावून ट्रक घ्यायला लावला. मग खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा राहिला, आणि त्याच्या स्टिअरिंगवर दोडक्याचा वेल चढला. तो दोडका आम्ही खाल्ला, पण संदीपला तो पचला नाही. ते सगळं त्या दुपारी वर आलं. पहिल्यांदा माझं शेत सोडवलंस, तो म्हणाला, आता पोरीचं सोडवतोस. स्वतः चिखलात हात घालत नाहीस, दुसऱ्याच्या हातातलं काढून घेतोस. तुझ्या त्या माणसाला सांग, भाट मोकळं झालं, ये.

दत्तप्रसाद उठून उभा राहिला. त्याचा राग वेगळ्या जातीचा होता. न केलेल्या गोष्टीचा आळ आलेल्या माणसाचा. करायची इच्छा होती आणि केलं नव्हतं, त्यामुळे तो जास्तच भडकला. त्याने सगळ्यांना ऐकवलं की या घराचं वीजबिल, छप्पर, बापाचं आजारपण कोणी बघितलं, आणि आता गवतासाठी त्याला चोर ठरवतात. "गवत," तो पुन्हा म्हणाला, "गवतासाठी. गुरंसुद्धा एवढी भांडत नाहीत."

"गुरांना परीक्षा नसते, काका," गौरवी म्हणाली.

मालती वहिनीने मध्ये तोंड घातलं. तिला वाटलं ती शांतता करतेय. "गो, दूर्वाच त्यो. चवथीच्या दिसा कोनी न्हेल्यो म्हनजे देवाकच गेल्यो मां? देवाक गेलला वाया जायना."

"आजी, देवाला तीन पानांचा तुरा लागतो. खुडून घ्यायचा असतो, हे तूच मला शिकवलंस." पोरीने भाटाकडे बोट दाखवलं. "तिथे माती उकरली आहे. मुळासकट ओढलंय. पुण्य करणाऱ्याने निदान वाकायचे तरी कष्ट घ्यायचे होते."

वहिनीचा चेहरा उतरला. त्या टाचांना आठवलं असणार.

मग दत्तप्रसादने ती चूक केली जी पणजीत राहून माणूस करतो. आपल्यावरचा आळ झटकायला त्याने तो शेजारी टाकला. म्हणाला, पूजेची तयारी कोणी केली? ताटात दूर्वा कोणी ठेवल्या? मला कसले प्रश्न विचारता, आत विचारा.

आत म्हणजे हर्षा. त्याची स्वतःची बायको.

हर्षा नार्व्याची. सप्तकोटेश्वराच्या पायरीशी वाढलेली, बोलण्यात मऊ, आणि लग्नाला एवढी वर्षं झाली तरी या ओटीवर चारचौघांत नवऱ्याला तिने उलट शब्द बोललेला कोणी ऐकला नव्हता. तिने ताटावरचं झाकण ठेवलं, हात पदराला पुसले. तिलाही बारावीनंतर शिकायचं होतं हे मला ठाऊक आहे. तिच्या लग्नात तिच्या बापाशेजारी जेवायला मी बसलो होतो, तो लाडू मोडता मोडता बोलून गेला होता. कॉलेजचा दाखला आणलेला असताना स्थळ आलं, ते स्थळ म्हणजे आमचं हे रत्न.

"सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर बाल्कांवावर, दारातल्या बाकावर, दूर्वांच्या जुड्या पडल्या होत्या," ती सावकाश म्हणाली. "मला वाटलं घरातल्या कोणी आणून ठेवल्या. एक घेतली. मुळांना माती होती, ती धुतली. दोर सुटेना, विळीवर कापला. नंतर शेजारच्या विनोदिनीच्या हातातही तसलीच जुडी दिसली, बाकीच्या वाड्यावर गेल्या असणार. एवढा माझा गुन्हा." आणि मग नवऱ्याकडे वळून, त्याच आवाजात: "आणि तुम्ही आता बसा. पोरीचं वर्ष जातंय आणि तुम्ही बायकोला पुढे करता. ती गवत शिकते म्हणून कचेरीत हसता. तुमच्या कचेरीच्या दारातल्या चार कुंड्या मेल्या त्या कोणाला जगवता आल्या?"

दत्तप्रसाद बसला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तो असा बसलेला मी प्रथमच पाहिला.

पण गौरवीने त्यातलं एकच वाक्य ऐकलं होतं. "मुळांना माती होती?"

"होती. लांब लांब दांडे होते. पेरापेराला मुळं फुटलेली."

पोर देवाकडे गेली, गणपतीच्या पायाशी वाकून बघून आली. तोंडावरचा राग राहिलाच, पण त्याला आता काम सापडलं. ती भराभर सांगू लागली. नुसते तुरे खुडले असते तर गेलंच होतं. तुरा रुजत नाही. पण आळशी हातांनी ओढलं म्हणून पेरं शाबूत आली आहेत. पेर मातीत गेलं की फुटतं, आणि या हवेत पंधरवड्यात जमीन झाकतं. पूर्ण नाही, पण परीक्षकाला गवत जिवंत दाखवता येईल. मात्र आजच, अंधार पडायच्या आत. उद्या ती सुकलेली असतील, संध्याकाळी विसर्जनाबरोबर नदीत जातील. वाड्यावरच्या प्रत्येक घरातून ती परत आणायला हवीत.

"मी जातंय," संदीप उठला. "टोपली दी."

आणि इथे मालती वहिनी आडवी आली. रागाने नव्हे, तिचा स्वतःचाच जीव कासावीस झाला होता. पण आमच्या वाड्याचा रिवाज तुम्हाला माहीत नसेल. देवाच्या नावाने एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी गेलेली वस्तू परत मागायची तर ज्या हाताने दिली त्याच हाताने मागायची. दुसऱ्या हाताने मागितली तर कोणी देत नाही. देईल कसा? देवाच्या डोक्यावरून उतरवायचं म्हणजे ज्याने दिलं त्याने उंबऱ्यात उभं राहून 'माझं चुकलं, मी दुसऱ्याचं दिलं' म्हणावं लागतं. मग घरची बाई देवाला फूल वाहून ती वस्तू हातात देते. सदाशिवदादाने, माझ्या भावाने, एकदा असा केळीचा घड परत आणला होता आणि दोन चवथी लोकांत मान वर केली नव्हती.

"संदीपा, तू दिल्लय? ना मां? मग तुका कोन दितलो?" वहिनी म्हणाली. "आदी देनारो हात खंयचो ता सांगा."

देणारा हात घरातलाच, हे आता उघड होतं. परका माणूस दुसऱ्याच्या बाल्कांवावर जुड्या ठेवून जात नाही. संदीप दत्तप्रसादकडे बघत होता. दत्तप्रसाद हर्षाकडे बघायला धजत नव्हता. वहिनी स्वतःच्या हाताकडे बघत होती, जणू तो तिच्या नकळत जाऊन आला असेल. मी माटोळीकडे बघत होतो. एक कवंडळ थोडं वाकडं लटकलं होतं.

"असं बसून दिवस मावळेल," हर्षा म्हणाली. "मी शेजारी विनोदिनीला विचारून येते, तुला दूर्वा कोणी दिल्या म्हणून." आणि चपला पायात सरकवू लागली.

तेव्हा मला बोलणं भाग पडलं. घरात आग लागलेली असताना वडीलधाऱ्याने गप्प बसणं शोभत नाही.

"थांब गो," मी म्हणालो. "कोणाच्या दारात जाऊन चवथीच्या दिवशी असलं विचारू नये. मी सांगणार नव्हतो. पण आता सांगतो. गवा आला होता."

सगळे माझ्याकडे वळले. त्यांच्या रागाने इतका वेळ एकमेकांना धरलं होतं, तो सुटला, हे मला दिसलं, आणि मला हुरूप आला.

मी सांगितलं की पहाटे परसात गेलो तेव्हा विहिरीमागे काळं काही तरी उभं होतं. मला वाटलं संदीपचा बंद ट्रक दारातून उठून इथे आला. मग ट्रकने कान हलवले. गवा, पण असा गवा की त्याच्या पाठीवर माटोळी बांधता आली असती. पायात पांढरे मोजे, बँडवाल्यांसारखे. डोंगर कापल्यापासून खाली उतरलेला, उपाशी, पण काय संस्कार. त्याने आधी विहिरीच्या पाण्यात तोंड बुडवलं, म्हणजे आंघोळच ती. मग दूर्वांपुढे गुडघे टेकले. मी म्हटलं, बाबा, हे आमच्या पोरीचं कॉलेज आहे, खाऊ नको. त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी. मी काय करणार?

वहिनीचे हात आपोआप जोडले गेले. "राखणदार आसतलो," ती पुटपुटली.

"कुंपण मोडलेलं नाही," दत्तप्रसाद म्हणाला.

"उडी मारून आला."

"गवा?"

"उपाशी होता, हलका झाला होता."

संदीपच्या तोंडाचा कोपरा हलला. हर्षाने एक चप्पल काढली. मला वाटलं जमलं. गव्याचा राग कोणाला येतो? दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता एकाच वेळी माझ्याकडे बघत होते, आणि असं या घरात ट्रक थांबल्यापासून झालं नव्हतं. मी पुढे सांगणार होतो की गव्याने निम्म्या दूर्वा स्वतः खाल्ल्या आणि निम्म्या वाड्यावरच्या गरिबांना सोडल्या. बायका आपल्या आल्या, आपल्या घेऊन गेल्या. हल्ली दूर्वा मिळतात कुठे? बांधावर औषधं मारून सगळ्यांनी जाळून टाकल्या. पहाटेपासून त्या बिचाऱ्या टोपल्या घेऊन फिरत होत्या. कोणीतरी म्हटलं असेल, घ्या, आमच्या पोरीने लावल्यात, वाडाभर पुरतील. म्हणणाऱ्याला तेवढंच वाटलं असेल की एक दिवस तरी या गवताला कोणी हसणार नाही.

हे एवढं मी मोठ्याने बोललो का मनात, ते आता आठवत नाही.

गौरवी मात्र ऐकत नव्हती. ती न्हाणीपाशी विळीजवळ वाकली होती. परत आली तेव्हा तिच्या एका हातात रिकामी टोपली होती आणि दुसऱ्यात हर्षाने कापून टाकलेला दोराचा तुकडा, कुमयाचा, गाठ तशीच शाबूत. तिने तो उंच धरला, माटोळीच्या एका गाठीला लावून बघितला, मग दुसऱ्या गाठीला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. मग सगळ्यांच्या माना खाली आल्या, माझ्याकडे.

तिने टोपली माझ्या मांडीवर ठेवली. राग तिच्या डोळ्यांत तसाच होता, आणि आता ती कॉलेजचं मराठी बोलत नव्हती.

"आजो," ती म्हणाली, "गव्याक डाव्या हाताची गाठ कोनी शिकयल्यान? उठा. पयलां विनोदिनीकडे."